बाळंतपणानंतर किती रक्त गेलं? लेबर रूममध्ये मोजायचं कसं आणि पहिल्या पंधरा मिनिटांत करायचं काय

रात्री दीडला बाळंतपण झालं. पहिलटकरीण, वय बावीस. पुढच्या दोन तासांच्या नोंदी केस पेपरवर एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने होत्या: 'पिशवी घट्ट, अंगावरून जाणं साधारण.' साडेतीनला मावशी चादर बदलायला गेल्या. त्यांनी चादरीखालचं मेणकापड उचललं, तेव्हा त्याच्या खळग्यात साठलेलं रक्त फरशीवर ओघळलं. पॅड जेमतेम भिजलेलं होतं. बाई मात्र पांढरीफटक पडली होती आणि सारखं पाणी मागत होती. तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. ती वाचली, पण पिशवी काढावी लागली. मी तेव्हा ड्युटीवरचा नवा डॉक्टर होतो. 'साधारण' हा शब्द माझ्या सांगण्यावरूनच लिहिला गेला होता.

तेव्हापासून मी 'साधारण' लिहीत नाही, मिली लिहितो. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा छोट्या नर्सिंग होममध्ये बाळंतपणं करणारे तरुण डॉक्टर, स्टाफ नर्स आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांच्यासाठी हा लेख आहे. तुमच्या संस्थेचा लेखी प्रोटोकॉल आणि तुमचे वरिष्ठ यांची जागा तो घेणार नाही. प्रोटोकॉल लेबर रूमच्या भिंतीवर लावलेलाच असावा, आणि नसेल तर आधी तो लावून घ्या.

डोळा का फसतो

गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यामुळे धडधाकट तरुण बाई लिटरभर रक्त गेलं तरी बोलत असते आणि तिचं बीपीही टिकून असतं. शरीर सगळं सांभाळून घेत राहतं आणि मग एकदम हात टेकतं. दुसरीकडे, दिवस भरलेल्या पिशवीकडे मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिली रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर त्या उघड्या शिरा आवळून धरायचं काम पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, स्नायूंचं. स्नायू ढिले पडले की दहा मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं.

त्यात रक्त एका जागी राहत नाही. थोडं पॅडमध्ये, थोडं चादरीत, थोडं मेणकापडाखाली, थोडं बादलीत गर्भजलात मिसळलेलं, तर थोडं आतच गाठी होऊन. बेळगाव जिल्ह्यात झालेल्या एका अभ्यासात खुणांच्या प्लास्टिक ड्रेपने (कंबरेखाली घालायच्या, रक्त साठवून मोजणाऱ्या पिशवीने) मोजलेलं रक्त आणि नजरेचा अंदाज यांची तुलना केली होती. नजरेचा अंदाज सरासरी ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे आपण '४०० गेलं' म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ६०० गेलेलं असू शकतं, आणि आपण अजून वाट बघत असतो.

एक प्रयोग तुमच्या लेबर रूममध्ये करून बघाच. बीट किसून त्याचा रस पाण्यात मिसळा. मोजून ५०० मिली एका चादरीवर ओता, ३०० मिली दोन मॉपमध्ये (रक्त टिपायच्या कापडी घड्यांमध्ये) जिरवा, २०० मिली किडनी ट्रेमध्ये ठेवा. मग एकेका सिस्टरला आणि डॉक्टरला आत बोलावून चिठ्ठीवर अंदाज लिहायला सांगा. मी अनेक ठिकाणी हे केलं आहे. चादरीवरचं अर्धा लिटर पाहून 'दीडशे' लिहिणारे दरवेळी भेटले, आणि त्यांत पंधरा-वीस वर्षं बाळंतपणं केलेले हातही होते. तेवढ्या एका दुपारनंतर मोजायला कुणी नाही म्हणत नाही.

पहिली पायरी: कळा सुरू असतानाच

बाई दाखल होताना हिमोग्लोबिन आणि रक्तगट हातात हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती ॲनिमिक निघाल्या. सात हिमोग्लोबिनच्या बाईला ५०० मिली जाणं म्हणजे बाराच्या बाईला लिटरभर जाण्यासारखं आहे. जुळं, पाणी जास्त, खूप लांबलेल्या कळा, आधीचं सिझर, आधीच्या खेपेला झालेला रक्तस्राव, वार खाली असणं, या गोष्टी केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. पण यादीत काही नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव, झालेल्या कित्येक बायकांच्या पेपरवर असं काहीच नसतं.

जोखीम असेल तर जाड व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी) आधीच लावून ठेवा, १६ किंवा १८ नंबरचं. शिरा दबल्यावर ते लागत नाही.

पीपीएचचा डबा वेगळा हवा: ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्ताची गाठ टिकवणारं औषध), मिसोप्रोस्टॉल (पिशवी आवळणारी गोळी), सलाईन, आरएल (रिंगर लॅक्टेट), सेट, व्हेनफ्लॉन, फोलीज कॅथेटर (लघवीची नळी), कंडोम, दोरा, साध्या टेस्ट ट्यूब. डब्याला कुलूप नको. रात्री किल्ली शोधण्यात वेळ गेलेला मी पाहिला आहे. ऑक्सिटोसिन, मेथर्जिन आणि कार्बोप्रोस्ट ही पिशवी आवळणारी इंजेक्शनं फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. भर उन्हाळ्यात खिडकीतल्या ट्रेमध्ये दिवसभर पडलेल्या ऑक्सिटोसिनच्या ॲम्प्युलवर भरवसा ठेवू नका.

आणि एक इशारा. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं ॲम्प्युल काही वेळा कंबरेत द्यायच्या भुलीच्या ॲम्प्युलसारखंच दिसतं. चुकून ते मणक्यात गेलं तर झटके येऊन बाई दगावते, आणि असे मृत्यू झालेले आहेत. भुलीच्या ट्रॉलीवर हे औषध ठेवायचंच नाही.

दुसरी पायरी: बाळ बाहेर आलं

पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही याची खात्री करा आणि मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत द्या. आपल्याकडे ॲम्प्युल बहुधा पाच युनिटचं असतं, म्हणजे दोन लागतात. एकच फोडून समाधान मानलं जातं, तिकडे लक्ष ठेवा. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापा. पिशवी आवळल्यावर एका हाताने ती वर धरून दुसऱ्या हाताने नाळ हलक्या ताणाने खाली घ्या. वरचा आधार न देता ओढलं तर पिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते.

ऑक्सिटोसिन मिळण्यासारखं नसेल तिथे मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने. याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारचाच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर झालेली चाचणी २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या एएनएमच त्यात गोळ्या देत होत्या. पीपीएचचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, लिटरभर किंवा जास्त रक्त जाण्याचं १.२ वरून ०.२ वर. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. खेड्यातल्या एएनएमने केलेलं काम जगाचं धोरण बदलू शकतं, हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो.

तिसरी पायरी: माप लावा

खुणांचा ड्रेप बाळ झाल्यावर लगेच, गर्भजल वाहून गेल्यावर, कंबरेखाली सरकवा. आधी लावला तर पाणी आणि रक्त एकत्र होऊन आकडा फुगतो, उशिरा लावला तर सुरुवातीचं रक्त हातचं जातं. ड्रेपचं टोक कॉटच्या कडेवरून खाली लोंबलं पाहिजे, तरच रक्त ड्रेपच्या पिशवीत उतरतं. बाईला आधी सांगा: 'ताई, किती जातंय ते बघायला ही पिशवी लावतोय, तासभर राहील, घाबरू नका.' तासभर ठेवा. धार चालूच असेल तर आणखी एक तास.

ड्रेप नाही, ही सबब चालणार नाही. स्वच्छ प्लास्टिक शीट कंबरेखाली घालून तिचं तोंड मोजपात्रात सोडता येतं. मॉप आणि पॅड मोजायला बाळाचा वजनकाटा आहेच. कोरड्या मॉपचं वजन ग्रॅममध्ये लिहून काट्याशेजारी चिकटवा. भिजलेला मॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून काट्यावर ठेवा आणि कोरडं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिली. काटा नंतर नीट पुसा, त्यावर पुढचं बाळ ठेवायचं आहे. सिझरमध्ये सक्शनच्या बाटलीतून गर्भजल वजा करा आणि मॉपचं वजन मिळवा.

मापाइतकंच महत्त्वाचं, दर पंधरा मिनिटांनी चार गोष्टी: नाडी, बीपी, पिशवीचा घट्टपणा, धार. पिशवी बघायची म्हणजे चादरीवरून हात फिरवायचा नव्हे. बेंबीखाली तळहात रोवा. घट्ट पिशवी क्रिकेटच्या चेंडूसारखी लागते, ढिली असली तर मळलेल्या कणकेसारखी हाताखाली सरते. नाडी भागिले वरचं बीपी, हा भागाकार शिकून घ्या. नाडी ११०, बीपी १०० म्हणजे १.१. एकाच्या वर गेला की बाई धोक्यात आहे, मग ती कितीही शांतपणे बोलत असो.

कधी हलायचं

योनिमार्गे बाळंतपणात ५०० मिली म्हणजे पीपीएच, हे आपण सगळे शिकलो. २०२५ मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना त्याही आधी हलायला सांगतात: ३०० मिली गेलं आणि नाडी १०० च्या वर, किंवा नाडी-बीपीचा भागाकार एकाच्या वर, किंवा वरचं बीपी १०० च्या खाली, किंवा खालचं ६० च्या खाली, यांतलं एक जरी दिसलं तरी उपचार सुरू. नाहीतर ५०० ला, बाकी सगळं ठीक असलं तरी. जे आधी होईल ते. या बदलाने मला फार बरं वाटलं. पाचशेच्या रेघेपर्यंत थांबणं आपल्या ॲनिमिक बायकांना कधीच परवडणारं नव्हतं.

चौथी पायरी: पंधरा मिनिटं, सगळं एकदम

आपली जुनी सवय एकेक करून बघायची आहे. पिशवी चोळली, दहा मिनिटं थांबलो. थांबलं नाही म्हणून ऑक्सिटोसिन वाढवलं, परत थांबलो. मग सरांना फोन. या वाट बघण्यात तास जातो आणि तासात बाई जाते.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या सुमारे ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेली 'ई-मोटिव्ह' चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात नवं औषध एकही नव्हतं. खुणांचा ड्रेप, आणि निदान होताच सगळे उपचार एका दमात. लिटरभर किंवा जास्त रक्त जाणं, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू होणं, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. पीपीएच ओळखला जाण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के होतं, ड्रेपवाल्या रुग्णालयांत ९३ टक्के. म्हणजे एरवी जवळजवळ निम्म्या बायकांचा रक्तस्राव कुणाच्या लक्षातच येत नव्हता.

तर हाक मारा. मोठ्याने, आणि शब्द ठरलेला: 'पीपीएच!' दोनच माणसं असली तरी कामं वाटून घेता येतात.

पहिला माणूस बाईजवळ. पिशवी घट्ट होईपर्यंत चोळायची, गाठी बाहेर काढायच्या, लघवीची पिशवी कॅथेटरने रिकामी करायची. भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही, आणि गडबडीत हेच राहून जातं.

दुसरा माणूस हाताच्या शिरेजवळ. ऑक्सिटोसिन १० युनिट २०० ते ५०० मिली सलाईनमध्ये दहा मिनिटांत, त्यानंतर २० युनिट एक लिटरमध्ये चार तासांत. शिरेत एकदम धक्क्याने देऊ नका, बीपी कोसळतं. सोबतच ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम, म्हणजे बहुधा ५०० मिलीग्रॅमची दोन ॲम्प्युल्स, दहा मिनिटांत सावकाश. दुसऱ्या हातात आणखी एक व्हेनफ्लॉन, क्रॉसमॅचसाठी (रक्त जुळतं का ते तपासायला) रक्त, आणि गरजेप्रमाणे आरएल.

तिसरा माणूस असेल तर फोन आणि घड्याळ त्याच्याकडे. प्रत्येक औषधाची वेळ त्याने लिहायची, हवं तर हाताच्या पंजावर. मावशींनाही हे काम शिकवा, त्या चोख करतात.

ट्रॅनेक्साबद्दल दोन शब्द जास्त, कारण अजूनही हे औषध शेवटी आठवतं. २०,०६० बायकांवरच्या 'वुमन' चाचणीत, २०१७ साली, दिसलं की बाळंतपणापासून तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर येतात. तीन तासांनंतर फायदा नाही. पुढच्या विश्लेषणात कळलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. अर्ध्या तासानंतरही रक्त जात असेल, किंवा चोवीस तासांत पुन्हा सुरू झालं, तर दुसरा एक ग्रॅम. मात्र 'ॲनिमिक आहे, आधीच देऊन टाकू' असं करू नका. १५,०६८ ॲनिमिक बायकांवर नेमका हाच प्रयोग झाला आणि त्याने पीपीएच टळला नाही.

औषधं चालू असतानाच कारण शोधा. पिशवी ढिली असेल तर ते उघडच आहे, आणि दहातल्या सात वेळा तेच असतं. पिशवी दगडासारखी घट्ट आणि तरी लालभडक धार चालू, म्हणजे कुठेतरी फाटलं आहे. चांगला उजेड घ्या, पिशवीचं तोंड स्पंज होल्डरने धरून पूर्ण गोल फिरून पाहा. वार ट्रेमध्ये पसरा, आईकडची बाजू वर, सगळे भाग एकमेकांना जुळतात का बघा. पडद्यावर काठापर्यंत जाऊन तुटलेली रक्तवाहिनी दिसली तर एक छोटा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता आहे. साध्या ट्यूबमध्ये पाच मिली रक्त घेऊन बाजूला ठेवा. सात-दहा मिनिटांत गाठ झाली नाही किंवा होऊन सुटली, तर रक्त गोठतच नाही. आणि बाहेर काही दिसत नसताना नाडी चढत असेल, बाई खाली प्रचंड दाब आल्याचं सांगत असेल, तर टाक्यांच्या आत रक्त साठतंय का ते बोटाने तपासा.

नाही थांबलं तर

मेथर्जिन ०.२ मिलीग्रॅम स्नायूत, पण बीपी वाढलेलं असेल तर अजिबात नाही. कार्बोप्रोस्ट २५० मायक्रोग्रॅम स्नायूत, दर पंधरा मिनिटांनी जास्तीत जास्त आठ वेळा, पण दमेकरी बाईला नाही. मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम जिभेखाली. यातलं काय द्यायचं हे ठरत असताना एक हात पोटावर आणि दुसऱ्या हाताची मूठ योनिमार्गात, दोन्हींच्या मध्ये पिशवी दाबून धरा. हात भरून येतात, म्हणून माणसं बदलत राहा. बेंबीच्या किंचित वर डावीकडे मुठीने महारोहिणी (पोटातली मुख्य धमनी) दाबली आणि जांघेतली नाडी लागेनाशी झाली, म्हणजे दाब बरोबर आहे.

कंडोम-कॅथेटर बलून ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रूढ केला. फोलीजवर कंडोम चढवून दोऱ्याने घट्ट बांधा, पिशवीत सरकवा आणि रक्त थांबेपर्यंत २५० ते ५०० मिली सलाईन भरा. आत तुकडा नाही आणि फाटलेलं नाही, हे पाहिल्यावरच. बलून लावून आपल्याकडेच ठेवून घेऊ नका. शस्त्रक्रिया आणि रक्त जिथे आहे तिथपर्यंत पोचायला तो वेळ मिळवून देतो. पुढचे टाके, धमन्या बांधणं, पिशवी काढणं हे तिथलं काम.

रेफर करायचं तर १०८ ला फोन उपचार सुरू करतानाच लावा. समोरच्या डॉक्टरशी स्वतः बोला: किती मिली गेलं, काय दिलं, किती वाजता, रक्तगट कोणता. बाईसोबत सिस्टर जायलाच हवी, चालू सलाईन आणि दाबून धरलेल्या हातासकट. गाडीत एकट्या नातेवाइकांच्या भरवशावर पाठवलेल्या बाईची जबाबदारी पाठवणाऱ्यावरच राहते.

मोजलेलं वाया घालवू नका

रजिस्टरमध्ये सहा रकाने वाढवा: जन्माची वेळ, ऑक्सिटोसिनची वेळ, तासाभरात गेलेलं रक्त, पीपीएच ओळखल्याची वेळ, ट्रॅनेक्साची वेळ, आणि पुढे काय झालं. शक्य असेल तर मोजमाप सुरू करण्याआधीच्या तीन महिन्यांचे आकडेही काढून ठेवा.

मोजायला लागलं की पहिल्या महिन्यात पीपीएच वाढलेले दिसतील. वरून विचारणा होईल, स्टाफ घाबरेल आणि आकडे पुन्हा 'साधारण' होऊ लागतील. म्हणून अधीक्षकांना आधीच जाऊन सांगा की ५०० मिलीच्या वरच्या केसेस वाढतील, कारण आजवर त्या दिसत नव्हत्या. सुधारणा बघायची ती १००० मिलीच्या वर किती गेल्या, रक्त किती जणींना चढवावं लागलं, आणि ओळखल्यापासून ट्रॅनेक्सा द्यायला किती मिनिटं लागली यात. हे आकडे महिन्याच्या महिन्याला भिंतीवर लावा, नावांशिवाय. त्यावरून शोधनिबंध लिहायचा विचार असेल तर माहिती गोळा करण्याआधी नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या, कारण ती नंतर मागून मिळत नाही. दोन पद्धतींची तुलना करणारी चाचणी करायची असेल तर पहिली रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी.

घरी सोडताना

बाई चालायला लागली, बाळ पितंय, नातेवाईक निघायच्या घाईत आहेत. तरीही हिमोग्लोबिन पुन्हा तपासा आणि लोहाच्या गोळ्या की शिरेतून लोह ते ठरवा. अंगावरचं दूध उशिरा येऊ शकतं, हे तिला आणि सासूला दोघींना सांगा, नाहीतर तिलाच बोल लागतो. पॅड तासाभरात पूर्ण भिजू लागलं, गाठी पडू लागल्या किंवा ताप आला तर दिवस-रात्र न बघता परत या, हे साध्या शब्दांत लिहून द्या.

आणि कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा: पीपीएच, इतके मिली, कारण हे, उपचार हा. पुढच्या खेपेला तिला हाच त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि ती कदाचित माहेरच्या गावी, वेगळ्याच सिस्टरच्या हाताखाली बाळंत होईल. त्या सिस्टरच्या हातात ते कार्ड असेल तर व्हेनफ्लॉन कळांमध्येच लागेल.